सोलर झटका मशीन आणि रीलवाली तार, दीड वर्ष वापरून (रिव्ह्यू लांबलाय, सांभाळून घ्या)

आधीच सांगते, रानडुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा हलका झटका सोडणारं यंत्र) घेणाऱ्यांच्या फार कामाचा हा रिव्ह्यू नाही. डुकरं, माकडं, मोकाट जनावरं ह्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय. मी मशीन घेतलं ते माझ्याच गाई माझ्याच गवतात रोज एका ठराविक तुकड्यात थांबाव्यात म्हणून, आणि खरं कारण विचाराल तर मला डिप्रेशन आहे म्हणून. दोन्हीचा संबंध काय ते पुढे येईलच. ज्यांना नुसतं मशीनचं वाचायचंय त्यांनी मधलं गोठ्याचं रामायण सोडून द्या.

आमचं थोडक्यात सांगते. भोरच्या पुढे, धरणाच्या बॅकवॉटरकडे उतरती ३ एकर गवताची जमीन, खालची भाताची खाचरं वेगळी. ७ गाई, ५ जर्सी क्रॉस आणि २ गीर. सगळ्या मिळून दिवसाला ४५-५० लिटर, त्यातलं थोडं डेअरीला घालतो, बाकीच्याचं मी चीज करते, जास्त करून गौडा, ते शनिवारी पुण्याला जातं. १० लिटर दुधाचं साधारण किलोभर चीज पडतं त्यामुळे फार मोठा कारखाना डोळ्यासमोर आणू नका, एक पातेलं, एक प्रेस आणि थर्मोस्टॅट लावलेला दुकानातला जुना काचेचा फ्रीज एवढंच आहे. हे शिरवळला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. सासूबाई घरी असतात, गुडघे गेलेत. गावातली एक मुलगी सकाळी धारेला आणि चीजला मदतीला येते.

मे २०२४ मध्ये घेतलेला सेट असा: सोलर मशीन, २० वॅटचं पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी, ४००-४०० मीटर पॉलीवायरची (प्लास्टिकच्या दोऱ्यात बारीक धातूच्या तारा विणलेली) दोन रीलं, आणि पायाने दाबून रोवायचे ३० प्लास्टिकचे खुंटे. सगळं मिळून २७ हजाराच्या आसपास गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी आहेत आणि कुणाशी वाद घालत बसायची ताकद माझ्यात नाही. तसंही बाजारात मिळणारी बरीचशी मशीनं ह्याच धाटणीची दिसतात, बाहेरचा डबा तेवढा वेगळ्या रंगाचा.

घरी मशीन आलं तेव्हा मामा आले होते, खोकं बघून म्हणाले, झटका मशीन? कुणाला, गाईला का हिला? सगळे हसले, मी पण हसले. आता विषय निघालाच आहे तर सांगते, मला शॉक दिलेले नाहीत, गोळ्या आहेत. पण ती शॉक ट्रीटमेंटसुद्धा खरीखुरी ट्रीटमेंट आहे, भूल देऊन करतात, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर बिनभुलीची बंदच केलीय. त्यात हसण्यासारखं काही नाही हे त्या दिवशी बोलायला हवं होतं, ते इथे बोलते.

आता गोठ्याचं.

२०२३ च्या पावसाळ्यात माझं फार बिघडलं. म्हणजे रडारड वगैरे काही नाही, ते लोकांना वाटतं तसं नसतं, माझ्यात तर काहीच नव्हतं. पहाटे ३ ला डोळे उघडायचे आणि मग छताकडे बघत पडायचं, सकाळ म्हणजे अंगावर ओली गोणी टाकल्यासारखी, आणि संध्याकाळी ४ नंतर जरा माणसात आल्यासारखं वाटायचं. हे सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असणं बऱ्याच जणांना होतं असं नंतर डॉक्टर म्हणाले. तेव्हा मला वाटायचं मी ढोंग करते, संध्याकाळी जमतं तर सकाळी का नाही. सासूबाईंचं पण तेच म्हणणं, अंगात आळस भरलाय. शेजारच्या काकूंनी एका देवऋषीचा पत्ता दिला तो भाग वेगळा.

धार निघत होती, चीज पण होत होतं. कारण दूध थांबत नाही, ठेवलं तर नासतं, आणि नासेल ह्या भीतीने मी कशीबशी उठायचे. पण गवत नासत नाही ना! ते उभंच राहतं. आज नाही कापलं तर उद्या कापू. तर चित्र असं होतं की घराच्या चारी बाजूला मांडीभर हिरवंगार गवत, आणि आमच्या गाई दावणीला बांधून उन्हाळ्यात भरलेला मुरघास (हवाबंद बॅगेत आंबवून ठेवलेला हिरवा चारा) खातायत, कारण विळा घेऊन जायचं, कापायचं, भारा आणायचा हे मला होत नव्हतं आणि ह्यांची नाईट होती. त्यातली एक बॅग उंदरांनी फाडलेली, आत पाणी गेलेलं, काळपट आणि घाण वास. मी बघितला तो वास. म्हणजे मला कळलं. तरी घातला, जवळजवळ तीन आठवडे.

पुढे सप्टेंबरमध्ये चीजच्या फ्रीजमध्ये गौडाचे गोळे फुगायला लागले. वर सपाट असतात ते घुमटासारखे झाले, दोन तर फुटले, आत भेगा आणि उलटीसारखा वास. १४ गोळे, प्रत्येकी अडीच किलोचे, ३५ किलो माल गेला, ४२ हजार रुपये धरा. मी आधी कल्चरला (चीजच्या विरजणाला) शिव्या घातल्या, मग मिठाच्या पाण्याला. जिथे चीज शिकले तिथल्या सरांना फोन केला तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मुरघास कसला घालताय? तर त्याचं असं असतं, खराब मुरघासात एक जातीचे जंतू असतात, त्यांचे बीजाणू शेणातून सडांना, सडांवरून दुधात येतात. दूध पाश्चराइज केलं तरी बीजाणू मरत नाहीत, आणि चीजमध्ये आठवडेच्या आठवडे गप्प बसून मग गॅस करतात. गौडासारख्या चीजला हा त्रास जास्त. प्रत्येक गोळ्यावर मी तारीख घालते. फुगलेले सगळे गोळे ११ जुलै ते २ ऑगस्टचे निघाले. म्हणजे मी कधी पडले होते ते मला आठवत नव्हतं पण चीजला बरोबर माहीत होतं.

ते १४ गोळे मी खड्ड्यात पुरले आणि आठवड्याने पुण्याला डॉक्टरांकडे गेले. गोळी सुरू झाली, गोळीला असर करायला काही आठवडे लागतात हे आधीच सांगितलं होतं म्हणून धीर धरला. आणखी एक, डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि घरी आल्यावर पडवीच्या कोपऱ्यातली तणनाशकाची बाटली ह्यांनी दुसऱ्या दिवशी घरातून हलवली. मी काही विचारलं नाही. हे इथे का सांगतेय ते तारेखालच्या गवताजवळ कळेल.

काउन्सेलर ताई होत्या त्यांचं म्हणणं असं की मूड आला की काम करीन असं धरून बसलात तर मूड येत नाही, उलट आहे, रोजचं एकच छोटं काम ठरवा, वेळ ठरवा, मन लागो न लागो ते करायचं, आणि झालं की वहीत टिक. मी म्हटलं ताई माझ्याकडे छोटं काम कुठलंच नाही, सगळी भारा उचलायची कामं आहेत. त्या शहरातल्या, म्हणाल्या फिरायला जा. अहो गावात बाई दुपारी नुसती फिरायला निघाली तर पाच जणी विचारतात कुठं निघालीस.

तिथून डोक्यात आलं की गवत गाईकडे आणण्यापेक्षा गाय गवताकडे गेली तर माझ्या वाट्याला फक्त तार हलवायची उरेल.

बरं, आता मशीन.

मशीन काम कसं करतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सव्वा सेकंदाला एक ठोका, टक… टक… टक… असा बारीक आवाज येतो. प्रत्येक ठोक्याला तारेत काही हजार व्होल्ट जातात पण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ, त्यामुळे जनावर दचकून मागे होतं, चिकटत नाही. मी स्वतः हात लावून बघितलाय, कोपरापर्यंत सणक जाते आणि तोंडातून शिवी येते, बाकी काही होत नाही. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी मात्र लांबच राहा. आणि हे घरच्या लाइटची वायर कुंपणाला सोडणं ते वेगळं, त्यात मधे सुटका नसते, माणसं मरतात, गुन्हा दाखल होतो. आमच्याकडे अजून काही महाभाग करतात. करू नका.

सेल्समन म्हणाला २५ एकर चालतं. काहीही! एकरावर काही नसतं, तार किती लांब, तिला गवत किती टेकलंय आणि अर्थिंग कसं, ह्यावर सगळं आहे. अर्थिंगवरच माझा पहिला महिना फुकट गेला. सेटमध्ये अर्थिंगला म्हणून फूटभर लांबीचा एक सळईचा तुकडा दिला होता. मे महिन्यात आमची माती तव्यासारखी, तो फूटभर तुकडा त्यात रोवला काय न रोवला काय. गीर गाय, चंद्री नाव तिचं, ती तारेवरून मान घालून पलीकडचं गवत खात होती आणि वर मशीन टक टक करत होतं, जसं काही तिला ठेका धरून देत होतं. मी कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे गाईचं कातडं जाड असतं मॅडम. गाईचं कातडं जाड का तुमचं!

शेवटी स्वतःच शोधलं. झटका तारेतून गाईत, गाईच्या पायातून मातीत आणि मातीतून अर्थच्या सळईवाटे परत मशीनला, असा फेरा पुरा झाला तरच बसतो. माती कोरडी असली तर फेरा अर्धवट राहतो. मग ६-६ फुटाच्या जी.आय.च्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) ३ सळया, एकमेकींपासून १० फुटांवर, गोठ्याचं सांडपाणी जातं त्या ओल्या बाजूला ठोकून घेतल्या, तिन्ही एका वायरने जोडल्या. खर्च हजाराच्या आत. टेस्टर (तारेत किती व्होल्ट आहेत ते दाखवतो तो) लावला तर आधी जिथे दीड किलोव्होल्ट म्हणजे दीड हजार व्होल्ट दाखवत होता तिथे साडेसहा. गाईंना निदान ३-४ तरी लागतात. टेस्टर सेटमध्ये येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि तो नसेल तर तुम्ही आंधळे आहात एवढंच सांगते. चंद्रीने दुसऱ्या दिवशी सवयीने मान घातली. उडाली ती थेट गोठ्यापर्यंत.

गाई शिकवायच्या कशा, तर एकदम रानात नाही न्यायच्या. गोठ्यासमोरच्या अंगणात, जिथे बाहेर पक्कं कुंपण आहे तिथे, आत एक तार बांधायची आणि सोडून द्यायचं. नाकाने हुंगतात, झटका बसतो, दोन-तीन वेळा झालं की आयुष्यभर लक्षात. तार नाकाच्या उंचीला, अडीच फुटावर. वासरं खालून सटकतात, त्यांना खाली दुसरी तार लागते. माझ्या ७ पैकी ६ जणी दोन दिवसांत शिकल्या. सातवी अजून तारेच्या चार फूट आत थांबते, तिच्या बाजूचं गवत उभंच राहतं, भित्री आहे बिचारी. मला तिचं काही वाटत नाही, असतं एकेकीचं.

आता रोजचं काम. दुपारी बरोबर ३ ला मी जाते. पुढची तार म्हणजे ज्याच्या पलीकडे उद्याचं गवत आहे ती उचलायची आणि साधारण ४ गुंठे पुढे नेऊन लावायची, मागची त्यांच्या पाठीमागे आणायची, म्हणजे कालच्या तुकड्यात परत जाऊन कोवळे फुटवे खात नाहीत. ३ एकर म्हणजे १२० गुंठे, रोजचे ४, म्हणजे ३० दिवसांनी परत पहिल्या तुकड्यावर. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत तेवढ्यात मारवेल गवत मस्त वर येतं. गुडघ्याच्या खाली असताना आत सोडायचं आणि चार बोटं उरलं की काढायचं, अगदी जमिनीलगत खाल्लं की परत फुटायला पंधरा दिवस जास्त घेतं. सगळं मिळून १२ मिनिटं लागतात. पहिल्यांदा अर्धा तास लागला होता, रीलचा गुंता झाला होता.

३ वाजताच का, तर दोन कारणं. एक माझं, सकाळी मला काही सांगू नका. सकाळी ती मुलगी धार काढून नुसतं फाटक उघडते, गाई कालच्या तुकड्यातलं उरलेलं खायला जातात, कुणालाही काही ठरवावं लागत नाही. दुसरं कारण मला नंतर कळलं, गवत दिवसभर उन्हात साखर बनवतं, त्यामुळे दुपारनंतरच्या गवतात साखर जास्त असते आणि पहाटे सगळ्यात कमी. म्हणजे माझी बरी वेळ आणि गवताची बरी वेळ एकच निघाली. ३ ते साडेसहा त्या नुसत्या मान खाली घालून कापत असतात, तो कर्र कर्र आवाज ऐकत मी बांधावर बसते. १२ मिनिटांचं काम असलं तरी पाऊण तास जातो. वहीत टिक एकच करते.

रात्री गाई बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे बिबट्या आहे, त्याला ही एक-दोन तारांची लाइन काहीच नाही, आणि कुणी सेल्समन थांबतो म्हणाला तरी ऐकू नका.

पावसाळ्यातले त्रास सांगते, इथे मशीनचे मार्क कापणार आहे. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन नाही, पॅनेल नुसतं शोभेला, बॅटरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसते. मग बॅटरी काढून घरी चार्जरला लावा, परत नेऊन जोडा, एका बॅटरीत हे होत नाही, दुसरी घ्यावी लागली. सेटमधली बॅटरी तर १४ महिन्यांत संपली. वॉरंटी मशीनला आहे बॅटरीला नाही, हे बिलाच्या मागे छोट्या अक्षरात. दुसरं म्हणजे गवत वाढून तारेला टेकतं आणि करंट त्यातून जमिनीत उतरतो, टेस्टर साडेसहावरून अडीचवर. सेल्समनने सांगितलं होतं तारेखाली तणनाशक मारा. ते आमच्या घरात येत नाही आता. म्हणून विळा घेऊन मधल्या हलत्या तारांचं सोडून बाहेरच्या कायमच्या लाइनखालचं हातभर गवत दर पंधरवड्याला कापते, थोडं मी थोडं हे. हे काम मात्र डोंगराएवढं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आणि जुलैमधले दोन-तीन आठवडे उतारावर इतका चिखल असतो की गाई घातल्या तर खुरांनी सगळं गवत मातीत जातं. तेव्हा वरच्या मुरमाड तुकड्यात थोडा वेळ आणि बाकी कापून. म्हणजे ज्या महिन्यात मी सगळ्यात खाली असते नेमका त्याच महिन्यात मशीन पण सुट्टीवर. त्यासाठी आता आधीच ठरवून टाकलंय, जुलैत गवत कापायला गडी लावायचा, पैसे मे मध्येच बाजूला काढायचे, आणि मुरघासची बॅग उघडली की माझ्या नाकाने नाही तर मदतीच्या मुलीला विचारून ठरवायचं घालायची का. माझ्या नाकावर जुलैत माझा विश्वास नाही. मार्च ते मे मशीन तर खुंटीलाच, गवत वाळलेलं, जमीन कोरडी, तेव्हा कडबा आणि विहिरीच्या पाण्यावरचं नेपियर गवत.

चीजचं विचाराल तर फरक डोळ्याला दिसतो. हिरव्या चाऱ्यावरच्या गाईच्या दुधाचं चीज पिवळसर होतं, आम्ही रंग घालत नाही, तो गवतातून येतो. ऑगस्ट ते नोव्हेंबरचे गोळे आणि एप्रिलचे गोळे शेजारी ठेवले तर एक हळदीचं बोट लागल्यासारखा आणि दुसरा खडूसारखा. पुण्यातले गिऱ्हाईक विचारतात मॅडम ह्या वेळी रंग कमी का, मी सांगते गवत संपलं. २०२४ आणि २०२५ ह्या दोन्ही पावसाळ्यातला एकही गोळा फुगला नाही. ह्याचं श्रेय मशीनला द्यायचं का डॉक्टरांना का मुलीच्या नाकाला, ते तुम्ही ठरवा.

मशीनमध्ये एक भोंगा आहे, तार तुटली की वाजतो. हे फीचर म्हणून जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं. आमच्या लाइनवर पहिल्या महिन्यात तो सहा वेळा वाजला, चार वेळा वाऱ्याने, एकदा बोक्याने, एकदा कशाने ते कळलं नाही, आणि सगळं रात्री. गाई रात्री आत असल्यावर रात्री तार चालू ठेवायची गरजच काय, हे लक्षात यायला मला महिना लागला. आता संध्याकाळी बटण बंद, भोंग्याची वायर काढून ठेवली. माझ्यासारख्यांना झोप गेली की पुढचे चार दिवस जातात, डॉक्टर झोपेच्या वेळेवर गोळीइतकेच कडक आहेत. तुम्ही डुकरांसाठी घेत असाल तर भोंगा ठेवा.

एक दिवसाचं सांगायचं राहिलं. मागच्या डिसेंबरमध्ये मी परत पडले, गोळी चालू असताना. असं होतं, डॉक्टर म्हणाले होते. दुपारी पडून होते, ३ वाजून गेलेले मला कळत होते, घड्याळ समोर होतं. आणि खिडकीतून रीलचा आवाज आला, करर्र करर्र. मला वाटलं हे आले. उठून बघितलं तर सासूबाई, एका हाताने काठी आणि एका हाताने रील, खुंटे सगळे तिरके, मशीन बंद करायचं माहीत नाही म्हणून तारेला हात न लावता पदराने धरून! पदर कोरडा होता म्हणून निभावलं, तुम्ही असलं काही करू नका, आधी मशीन बंद करायचं. एका वेळी दोन दिवसांचं गवत देऊन टाकलं, गाई लग्नाच्या पंगतीला बसल्यासारख्या. आत येऊन म्हणाल्या, तुझी ती तार सरकवली गं, चहा टाक. मी टाकला. वहीत त्या दिवशी टिक कुणाची करायची हा प्रश्न पडला, मग आईंच्या नावाने केली.

हे होऊ शकलं कारण खुंटा पावकिलोचासुद्धा नाही आणि तार दोऱ्याएवढी आहे. भारा असता तर त्यांना उचलला नसता. म्हणून मी कुणी विचारलं की सांगते, गाईसाठी काय घ्यायचं ते घ्या, पण घरातलं जे सगळ्यात अशक्त माणूस आहे त्याला ते हाताळता येईल का एवढं बघा, कारण कधी ना कधी ते माणूस तुम्हीच असता.

घ्यावं का? ३०-४० गुंठे तरी सलग गवत असेल, गाई मुक्त गोठ्यातल्या किंवा चरायची सवय असलेल्या असतील, आणि पावसाळा-हिवाळा हिरवा चारा असेल तर डोळे झाकून घ्या. फक्त पॅनेल ४० वॅटचं मागा, दोन बॅटऱ्या, टेस्टर, आणि ६ फुटी सळया स्वतः आणा. पूर्ण दावणीवरच्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई असतील, एका गाईकडून दिवसाला २५ लिटरची अपेक्षा असेल, तर नुसत्या गवतावर त्या उतरतात, आधी हिशोब करा. माझं दूध पण सुरुवातीला ५-६ लिटरने उतरलं होतं, पेंडीचा खर्च त्याहून जास्त उतरला म्हणून चाललं. ज्यांना मशीन घेतल्यावर डिप्रेशन जाईल असं वाटतंय त्यांनी आधी १४४१६ ला फोन करा, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात आणि मराठीत बोलता येतं. मशीन नंतर घ्या.

मार्क: मशीनला ५ पैकी ४, सोबतच्या सामानाला २, कस्टमर केअरला अर्धा, तो पण फोन उचलतात म्हणून. तारेला ५.

आणि रीलच्या हँडलचा स्क्रू पहिल्याच महिन्यात सैल होऊन पडतो आणि गवतात सापडत नाही, घेतल्या घेतल्या पान्याने घट्ट करून घ्या. मी तिथे आता सायकलचा नट लावलाय, १० रुपयांचा, तो हलत नाही.